डब्यांचा कंट्रोलर

जानेवारीतलं धुकं मलकापूरच्या स्टँडवर असं बसतं की फलाटाला लागलेली गाडी कुठली हे वाचायला माणसाला पार काचेला नाक लावावं लागतं. आंबा घाटाकडून येणारा वारा कानशिलं सोलून काढतो. कुत्रीसुद्धा दिलदारच्या कँटीनच्या शेगडीला पाठ लावून पडलेली असतात. अशा वेळी, सकाळी सहाच्या ठोक्याला, जोतीराम खोत त्याच कँटीनच्या बाकड्यावर डबे मांडून बसलेले असतात. कानाला मफलर, अंगात नोकरी संपली तरी न सुटलेला खाकी स्वेटर आणि पुढ्यात कापडी पिशव्यांची रांग.

रात्री खेड्यापाड्यांत मुक्कामाला गेलेल्या एसट्या पहाटे माघारी येतात, त्या हे डबे घेऊन येतात. कोल्हापुरात खोली करून शिकणाऱ्या पोरापोरींसाठी आयांनी चारला उठून बांधलेले. सहा चाळीसच्या कोल्हापूर गाडीत ते चढवायचे. आठला पोरं स्टँडवरनं आपापला डबा उचलतात, आणि दुपारच्या गाडीनं रिकामे डबे माघारी. एसटीच्या कुठल्या कायद्यात हे काम बसत नाही. जोतीरामांनी आधी कंडक्टर म्हणून आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं ते केलं, आणि चार वर्षांपूर्वी हार-नारळ घेऊन घरी गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत बाकड्यावर.

त्यांचा एकच नियम. डबा गाडीला द्यायचा नाही, माणसाला द्यायचा. प्रत्येक पिशवीच्या नाडीला एक चिठ्ठी, तिच्यावर पोराचं नाव, उतरायचं ठिकाण आणि खाली नेणाऱ्याचं नाव. आज खाली लिहिलं होतं ‘पूर्णिमा’. ही सहा चाळीसची कंडक्टर. तोंडानं फटकळ, पण तिच्या हातातनं डबा कधी लवंडला नाही.

“आबा, ह्यो भेडसगावचा डबा गळालाय बगा,” पूर्णिमानं पिशवी नाकाशी नेली. “आमटी हाय. माझ्या तिकिटाच्या मशिनीला फोडणी बसंल की.”

“उभा धर. आडवा केलास तर बसंल.”

“मी उभी, डबा उभा. पाशिंजर तेवढी बसलेली,” असं म्हणून तिनं घंटी मारली आणि गाडी धुक्यात शिरली.

आता जोतीआबांचा चहा. आणि चहाबरोबर नातीचा फोन. इथं सकाळचे पावणेसात, तेव्हा तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, सव्वासातची.

नात म्हणजे निशिगंधा. थोरल्या लेकाची एकुलती. रस्ते आणि पूल बांधायचं शिकायला दीड वर्षापूर्वी कॅनडात गेली, मूस जॉ नावाच्या गावात. आजी चिमणाबाईच्या तोंडात ते नाव बसेना. तिनं त्याचं ‘मूसजाई’ केलं, जशी कुठली गावदेवी असावी. सकाळी देवापुढं दिवा लावताना ती खरोखरच म्हणायची, “मूसजाई, पोरीला सांभाळ गं बाई.”

आबांनी मात्र त्या गावाचा एसटीच्या पद्धतीनं अभ्यास केला. जुन्या डायरीत पान काढलं, वर नाव घातलं, आणि निशीला एकेक विचारून भरत गेले. मग ते दिलदारला वाचून दाखवायचे. दिलदारचा बाप याच कँटीनला होता. दिलदार जन्मल्यापासून स्टँडवर. त्याला गाड्यांच्या गोष्टी ऐकायला पैसे पडत नव्हते.

“आपल्या कोल्हापूरला रूळ आले अठराशे एक्क्याण्णवला,” आबा सांगायचे. “मूस जॉला ब्याऐंशीला. म्हणजे ते गाव आपल्यापरीस नऊ वर्सांनी थोरलं. दोन ओढे मिळत्यात तितं, पाणी बारमाही. इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून रेल्वेनं तितं ठाणं केलं, आणि ठाण्याभवती गाव उठलं.”

“आणि मलकापूरला रूळ कवा आले?”

“मलकापूरला अजून यायचे हाईत.”

“म्हणजे आपण लई तरुण हाय आबा.”

“गप. पुढं ऐक. शंभर वर्सांमागं त्या गावात ट्राम पळायची. विजेवरची. आता न्हाय. आता गावातल्या गावात चार बस फिरत्यात, त्याबी रविवारी बंद.”

“आणि गावाबाहीर?”

इथं आबा डायरी मिटायचे. कारण गावाबाहेरच्या पानावर त्यांच्या नोकरीतली नव्हे, नोकरीनंतरची एकमेव चूक होती.

झालं होतं असं. निशी गेली त्याच वर्षीचा नोव्हेंबर. तिला कागदपत्रांच्या कामाला शेजारच्या रिजायना शहराला जायचं होतं. सत्तर किलोमीटर. मलकापूरहून कोल्हापूर, वर आणखी निम्मं. “आबा, हितं गाड्या लई कमी हाईत,” ती म्हणाली. आबांनी दिलदारच्या फोनवर नकाशा उघडला. बघतात तर चारी बाजूंनी रुळांच्या काळ्या रेघा गावाच्या पोटात शिरलेल्या, आणि मधोमध चांगलं मोठं स्टेशन. आबांना हसू आलं.

“खुळी का काय! स्टेशन हाय की तुझ्या उशाला.”

“आबा, माझी मैतरीण म्हणती, गाडी न्हाय.”

“मैतरीण मोटारीनं फिरती. तिला काय म्हाईत? जितं स्टेशन तितं पाशिंजर गाडी. सकाळी जा, खिडकीवर इचार.”

एकतीस वर्षं ज्याच्या बोटावर लोकांनी गाड्या पकडल्या, त्याचं म्हणणं नात नाही ऐकणार? गुडघाभर बर्फातून, पाठीला पिशवी लावून, पाऊण तास चालत ती गेली. तिथनंच तिनं व्हिडिओ फोन लावला. उंच मनोऱ्याची देखणी इमारत दिसली. पण तिकिटाची खिडकी नाही, फलाट नाही. शेवटची प्रवासी गाडी नव्वद साली गेली, त्यानंतर परत आलीच नाही, असं तिथल्या एका बाईनं तिला सांगितलं. मधे कितीतरी वर्षं त्या स्टेशनात दारूचं दुकान होतं म्हणे. तेवढ्यात मागून धडधडत एक मालगाडी निघाली. डबे संपता संपेनात. निशीच्या पापण्यांवर बर्फ होता, ओठ निळे पडले होते, आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

“आबा, गाडी हाय. पण फकस्त गव्हाला हाय. माणसाला न्हाय.”

दिलदारनं ते स्टँडभर केलं. “आबांनी नात दारूच्या दुकानाला धाडली,” असं आठवडाभर चाललं. आबाही हसले. पण पोरीचे ते निळे ओठ त्यांच्या डोळ्यांपुढनं हलेनात. त्या दिवसापासून त्यांनी तिला मूस जॉच्या वाटा सांगणं बंद केलं. नुसतं विचारायचे, सांगायचे नाहीत.

तर त्या शुक्रवारी सकाळी फोन आला, आणि पोरगी आधी बोललीच नाही. मग एकदम रडली.

दोन गोष्टी घडल्या होत्या, एक चांगली आणि एक वाईट, आणि दोन्ही एकच होत्या. शिक्षणातला चार महिन्यांचा कामाचा भाग तिला मिळाला होता, रस्त्याची खडी-माती तपासायच्या प्रयोगशाळेत. एक पोरगा आजारी पडला म्हणून ऐनवेळी तिचा नंबर लागला. जागा असिनिबोया नावाच्या गावात, दक्षिणेला शंभर किलोमीटर. राहायची खोलीसुद्धा ठरली. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. नाही झाली तर जागा पुढच्या पोराला, आणि निशीचं वर्ष मागं.

“मग जा की बाळा.”

“कशानं जाऊ आबा? त्या बाजूला बस न्हाय. पूर्वी तितली सरकारी एसटी होती, ती सतरा साली बंद झाली. टॅक्सी न्हाय म्हणती. माझ्यापाशी लायसन न्हाय. दोन मैतरणींना इचारलं, एकीचं काम, एकीची मोटार नादुरुस्त. आता कुणाकुणाला म्हणू, मला सोडा, मला सोडा? मला भिकाऱ्यागत वाटायला लागलंय.”

आबांनी डायरी पुढ्यात ओढली आणि न उघडताच बाजूला सारली.

“बघू,” ते म्हणाले.

घरी गेल्यावर हे कळलं तशी चिमणाबाई भाकरी तव्यावर सोडून उठली.

“बघू? बघू म्हणालासा तुमी?”

“अगं, मला तितलं काय कळतंय? एकदा सांगिटलं तर पोरगी गोठून मेली असती.”

“आवं, अख्ख्या शाहूवाडी तालुक्याला वाट दावलीसा. अनोळखी पावण्याला हाताला धरून गाडीत बसवलासा. आणि नातीच्या येळंला बघू? मग हिंडतासा कशाला त्यो स्वेटर घालून? द्या इकडं, पायपुसणं करते त्याचं.”

भाकरी करपली. ती तशीच त्यांच्या ताटात पडली.

दुपारी आबा स्टँडवर नुसतेच बसले. समोरच्या रस्त्याचं चौपदरीचं काम चाललेलं. धूळ, डंपर, उसाच्या ट्रॉल्या. त्यातनं रत्नागिरीकडची मासळीची दुपारची गाडी पाणी गाळत कोल्हापूरकडं गेली. ड्रायव्हरनं सवयीनं हात केला, “काय आबा, डबं न्हाईत आज?”

आबा हसले. तो एसटीच्या संपातला विनोद होता. चार-पाच महिने एसटी जागेवर उभी होती, तेव्हाही आयांच्या चुली पहाटे पेटतच होत्या. आबा स्वतः संपावर, कामाला हात लावायचा नाही, पण डब्यांनी थोडाच संप केला होता? त्यांनी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली होती, आणि दोन दिवस नुसतं बघितलं होतं, कोण कुठं जातंय. दुधाचा टेम्पो साडेपाचला. पेपरची जीप रिकामी परत फिरते ती सातला. मासळीची गाडी साडेसातला. डबे गेले. एकही दिवस चुकला नाही. फक्त एका पोरीनं चिठ्ठी पाठवली होती, “आबा, शाकाहारी माणसाच्या डब्याला बांगड्याचा वास येतोय.”

आबा खुर्चीवरनं उठले ते ताडकन.

“दिलदार! तुझ्याकडं पाव कोण आणतं?”

“का? शिळा निघाला काय?”

“आरं, कोण आणतं?”

“बेकरीचा टेम्पो. कोल्हापुरास्नं. का ओ?”

“कोल्हापुरास्नं येतोय, आणि माघारी जाताना?”

“मोकळा जातोय. आबा, काय झालंय तुमाला?”

पण आबांना जे सांगायचं होतं ते त्याला नव्हे, निशीला.

शनिवारी सकाळी डबे चढवले आणि त्यांनीच फोन लावला.

“निशे, त्या असिनिबोयात माणसं राहत्यात न्हवं?”

“राहत्यात की. अडीच हजार.”

“ती पाव खात्यात? आजारी पडत्यात? ट्रॅक्टर मोडतोय त्यांचा?”

“आबा,” ती सावधपणे म्हणाली, “परत स्टेशनाला धाडताय व्हय मला?”

आबा म्हणाले, “ती माझी चूक. मी रूळ बघितले, माणूस बघितला न्हाय. रस्ता कागदावर बघून सांगणारा मी न्हवंच, मी खुर्ची टाकून बघणारा माणूस. तितं खुर्ची टाकायला मला येता येत न्हाय, म्हणून तू टाक. तू कालपासनं तुला नेणारा शोधाय लागलीयास. म्हणून भिकाऱ्यागत वाटतंय. नेणारा शोधू नगंस. जाणारा गाठ. जो तसाबी जाणारच हाय, त्याच्या शेजारची जागा मोकळी असती. त्यात भीक कसली? डब्यानं कवा कुणाची भीक मागितलीया?”

तिकडनं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“कुटं उभी राहू?” तिनं विचारलं.

“दुकानाच्या मागल्या दाराला. जितं माल उतरतोय तितं. आणि अंगावर समदं घाल, कान झाक.”

रविवारी सकाळी तिचा आवाज निम्मा गोठलेला होता, पण त्यात धग होती. मोठ्या किराणा दुकानाच्या मागं ती दीड तास उभी राहिली. पाववाला भेटला. सोमवारी तो जाणारच होता त्या बाजूला. पण मालकाचा नियम, गाडीत दुसरा माणूस घ्यायचा नाही. आबांचा चेहरा उतरला.

“थांबा की! त्यो म्हणाला, डोरीनला इचार. डोरीन म्हणजे म्हातारी हाय एक. ट्रॅक्टरचं, मळणीयंत्राचं सुटं सामान खेड्याखेड्यात पोचवती. सोमवारी सकाळी पाचला दक्षिणेला जाती म्हणं. तिच्या घराला आता फोन लावलाय, तिनं उद्या चहाला बोलावलंय.”

“मग हो म्हणाली?”

“म्हणाली, आधी बघू दे तू कोण हाईस ते.”

“शाणी हाय बाई,” आबा म्हणाले. “म्यापण तसंच म्हटलं असतं.”

सोमवारी सकाळी कँटीनमध्ये गर्दी. दिलदारनं फोन बरणीला टेकवून उभा केला होता, पूर्णिमाची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटायला तेवढंच कारण झालं. चिमणाबाईसुद्धा पदर सावरत आलेली. फोनमध्ये निशीच्या शेजारी पिकल्या केसांची, लालबुंद गालांची, पैलवानागत रुंद खांद्यांची बाई. ती बोलायची, निशी मराठीत सांगायची.

डोरीनचा आजा रुळांच्या कामाला त्या गावात आला. बाप इंजिनात कोळसा टाकायचा. ती स्वतः सामानाच्या दुकानात कामाला होती, आणि सुटे भाग खेड्यात धाडायची ते सरकारी बसनं. शेतकरी आपापल्या थांब्यावर उभा राहायचा, ड्रायव्हर हातात पुडकं द्यायचा. बस बंद झाली, तेव्हा सुगीच्या दिवसांत एका शेतकऱ्याचं यंत्र एका पट्ट्यासाठी चार दिवस उभं राहिलं. पाचव्या दिवशी डोरीननं स्वतःची व्हॅन काढली. ती अजून चालूच आहे.

“बसच्या ड्रायव्हरची नावं अजून पाठ हाईत म्हणती ती,” निशी म्हणाली. “पुडकं बसला देत नव्हतो, ड्रायव्हरला देत होतो, म्हणती.”

आबांनी चिमणाबाईकडं बघितलं.

“इचारतीया, तुमच्या गावात स्टेशन हाय का?”

“सांग तिला,” दिलदार मधेच ओरडला, “आमच्यात स्टेशन न्हाय, म्हणून दारूचं दुकान वेगळं बांधावं लागलं!”

निशीनं ते सांगितलं आणि म्हातारी टेबलावर हात आपटून हसली. मग ती बोटानं निशीच्या खांद्याला टोचून काहीतरी म्हणाली.

“उद्या पाचला दारात उभी राहा म्हणती. थंडी उणे अठ्ठावीस हाय, व्हॅन चालू झाली तर.”

“झाली तर?” चिमणाबाई म्हणाली.

“होईल गं आजी.”

“निशे,” आबांनी जाता जाता बजावलं, “मोकळ्या हातानं गाडीत चढू नगंस.”

तिथं पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा इथं दुपारचे साडेचार. चारलाच आबा बाकड्यावर येऊन बसले. कोल्हापूरहून रिकामे डबे घेऊन येणारी गाडी साडेचारची. साडेचार झाले. गाडी नाही, निरोप नाही. पावणेपाच. दिलदारनं न सांगता चहा ठेवला, आबांनी न बघता तो गार केला. बांबवड्याला ऊसवाल्यांची ट्रॉली आडवी झालीय, असं कुणीतरी सांगितलं. आबा म्हणाले, “हितं ट्रॉली आडवी होती, तितं काय झालं आसंल?” दिलदारनं गार कप उचलून दुसरा भरला.

पाचला फोन वाजला. निशीचा एक ओळीचा निरोप. ‘दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघालो.’

दिलदारनं तो मोठ्यानं वाचला आणि फलाटावर उभ्या दोन अनोळखी पाहुण्यांनाही चहा पाजला. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही. त्यांनी घेतला.

मग कोल्हापूरची गाडी आली. पूर्णिमानं दारातनंच पिशव्यांचा ढीग खाली सोडला. “आबा, पोचली काय पोरगी?”

“वाटंवर हाय.”

“मग तोंड का असं? वाटंवर हाय म्हंजी पोचंलच की.” एकतीस वर्षं जे वाक्य ते लोकांना सांगत आले, ते आता त्यांना पूर्णिमा सांगत होती.

साडेसहाच्या पुढं, दिवे लागायच्या वेळेला फोटो आला. काचेपल्याड अजून अंधार आणि त्यात गाडीच्या दिव्यांनी उजळलेलं नुसतं पांढरं, सरळ, न संपणारं रान. एका बाजूला पाटी, असिनिबोया. आणि गाडीच्या पुढच्या फळीवर, स्टिअरिंगच्या शेजारी, कापडात बांधलेला एक डबा. नाडीला चिठ्ठी. चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं, वर ‘डोरीन’, मधे ‘असिनिबोया’, खाली ‘निशिगंधा’.

खाली निशीनं लिहिलं होतं. ‘आत चपाती आन् शेंगदाण्याची चटणी. तिला तिखट लागली. ती शुक्रवारीबी हिकडं येती, संध्याकाळी माघारी जाताना मलाबी मूस जॉला नेणार म्हणती, दर शुक्रवारी. डबा भरून आण, म्हणती.’

आबांनी फोटो दोनदा मोठा करून बघितला. गाठ नीट होती. त्यांच्याच पद्धतीची, ओढली की सुटणारी.

“आबा, डायरीत लिवा की,” दिलदार म्हणाला. “गावाबाहीरच्या पानावर.”

“लिवतो सावकाश,” आबा म्हणाले. त्यांनी फोन स्वेटरच्या खिशात घातला, मफलर कानावर ओढली आणि पिशव्यांच्या ढिगाकडं वळले. भेडसगावच्या पिशवीला आमटीचा पिवळा डाग पडलेला, तो डबा त्यांनी वेगळा काढला. बाकीचे गावागावाप्रमाणं लावायला घेतले. मुक्कामी गाड्या सुटायला अजून वीस मिनिटं होती.